फ्लँकिंगसाठी ॲडव्हांटेज द्यावे की नुसते +२?

प्रश्न
आमचा गट ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या फाशांवर खेळायच्या भूमिका-खेळाची पाचवी आवृत्ती २०१४ च्या नियमांनी खेळतो आणि डंजन मास्टर (खेळ चालवणारा) मी आहे. फ्लँकिंगच्या ऐच्छिक नियमानुसार शत्रूला लागून, त्याच्या समोरासमोरच्या बाजूंना आपले दोघे उभे राहिले, की दोघांनाही जवळच्या हल्ल्यासाठी ॲडव्हांटेज (वीस बाजूंचा फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेणे) मिळते. हा नियम घेतल्यापासून प्रत्येक लढाईत पटावर आपला, शत्रू, आपला, शत्रू अशी आगगाडी लागते, आणि आपल्या रेकलेस अटॅकला (बेधडक हल्ला करून ॲडव्हांटेज मिळवण्याला) आता काहीच अर्थ उरला नाही, अशी बार्बेरियन (रानटी योद्धा) खेळणाऱ्या मैत्रिणीची तक्रार आहे. नियम सौम्य कसा करावा?

उत्तर १
तक्रार रास्त आहे. रेकलेस अटॅक करणाऱ्यावर शत्रूलाही ॲडव्हांटेज मिळते. तेच फळ चार घरे सरकून फुकट मिळत असेल, तर ती किंमत कोण मोजेल? फाशावर ११ किंवा अधिक हवे असल्यास हल्ला लागण्याची शक्यता ॲडव्हांटेजमुळे ५० टक्क्यांवरून थेट ७५ टक्क्यांवर जाते. आम्ही त्याऐवजी फाशाच्या आकड्यात +२ देतो. त्याने ती ६० टक्के होते आणि रेकलेस अटॅकचे मोलही टिकते, कारण +२ ची ॲडव्हांटेजशी बेरीज होते, तर दोन ॲडव्हांटेजची होत नाही.

उत्तर २
+२ तिसऱ्या आवृत्तीतही होते. परंतु माझ्या मते खरी गोम हालचालीच्या नियमात आहे. त्या आवृत्तीत शत्रूच्या टप्प्यातले घर सोडून पुढच्या घरात जातानाच, ५ फुटांचे सावध पाऊल वगळता, संधी-हल्ला (शत्रूला मिळणारा फुकटचा वार) ओढवत असे. पाचव्या आवृत्तीत मात्र टप्प्याबाहेर पडेपर्यंत तो होत नाही, त्यामुळे शत्रूभोवती प्रदक्षिणा घातली तरी कोणी हटकत नाही. पाठीमागे पोहोचणे इतके स्वस्त असेल, तर बक्षीसही तेवढेच लहान हवे.

उत्तर ३
+२ केल्याने ‘रोग’ (चोरटे लढणारे पात्र) खेळणाऱ्याचे नुकसान होईल, ही भीती नको. त्याच्या स्नीक अटॅकला (जादा इजा करणाऱ्या वाराला) लक्ष्यापासून ५ फुटांत लढण्याच्या स्थितीतला एखादा साथीदार पुरतो, समोरासमोर उभे राहण्याची गरज नसते. फक्त त्या वाराला डिसॲडव्हांटेज (दोनदा फासा टाकून लहान आकडा घेणे) नसावे.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. पुढच्या सत्रात +२ लावून पाहतो. एक गोष्ट मात्र हिशेब करताना ध्यानात आली: लांडग्यांना साथीदार जवळ असला की ॲडव्हांटेज मुळातच मिळते, म्हणून जुन्या नियमाचा त्यांना काही लाभ नव्हता, आता त्यावर +२ ही मिळणार. पुढच्या सत्रात नेमके पाच लांडगे आहेत. तीनच ठेवतो.