कोकमाच्या मुठेलाची जुलाबावर चाचणी : कंट्रोल गटाला काय द्यावं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी एम.फार्म.च्या शेवटच्या वर्षाला आहे, गाव सावंतवाडीजवळ. प्रबंधासाठी कोकमाचं मुठेल, म्हणजे बियांतलं घट्ट तेल, घेतलंय. घरात कुणाला आव पडली की आजी मुठेलाचा गोळा काढायची आणि सुरीने गरम मऊ भातावर खरवडून घालायची. वाफेत ते क्षणात विरघळायचं. बियाही घरच्याच आहेत: वाळवून, कुटून, पाण्यात उकळल्या, वर आलेलं तेल काढलं आणि निवल्यावर मुठीत दाबून गोळे केले.

चाचणी नेहमीची, एरंडेलाने जुलाब घडवायची. उंदरांना आधी मुठेल, तासाभराने एरंडेल, मग पिंजऱ्याखाली टिपकागद घालून ४ तास पातळ शी मोजायची. तुलनेसाठी एका गटाला लोपेरामाइड, हे जुलाब थांबवायचं नेहमीचं औषध. मुठेल ट्वीन ८० (तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ) घातलेल्या पाण्यात मिसळून देणार, म्हणून कंट्रोल गटाला, म्हणजे मुठेल न देता तुलनेसाठी ठेवलेल्या उंदरांना, सरांनी नुसतं तेच पाणी सुचवलंय.

इथेच माझं अडलंय. एरंडेलातून आतड्यातलं लायपेज (स्निग्ध पचवणारं विकर) रिसिनोलेइक आम्ल मोकळं करतं, तेव्हा कुठे जुलाब होतात. मुठेल तर सगळं स्निग्धच, मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्लांचं. ते आधीच पोटात असलं तर लायपेज त्यातच गुंतणार नाही का? शिवाय स्निग्धाने जठर उशिरा रिकामं होतं. मग जुलाब कमी झाले तरी तो गुण मुठेलाचा, की कुठल्याही तेला-तुपाचा? नुसत्या पाण्याच्या कंट्रोलवरून हे कळायचं नाही.

म्हणून तेवढ्याच मापाचं दुसरं स्निग्ध देणारा एक गट वाढवावा असं मला वाटतं. पण कोणतं? शेंगदाणा तेल पातळ, मुठेल वितळायला ४० अंशांच्या आसपास लागतात. कोको बटर जवळचं वाटतं. कुणी वापरलंय?

दुसरी अडचण: परवा मुठेल वितळवून नुसतंच सिरिंजमधून काढून पाहिलं, तर गॅव्हेजच्या (तोंडातून थेट जठरात औषध सोडायच्या) सुईच्या टोकाशी मेणासारखं गोठलं. इमल्शन कोमट ठेवायला काय करता?

एरंडेलाऐवजी मॅग्नेशियम सल्फेटने जुलाब घडवायच्या पद्धतीत लायपेजचा प्रश्न येत नाही. ती केलेलं कुणी असेल तर जरूर लिहा. आव म्हणजे कळा आणि शेम, एरंडेलाचे जुलाब वेगळे, हे ठाऊक आहे. प्रबंधात तसं स्पष्ट लिहिणार आहे.

प्राणी नीतिमत्ता समितीची बैठक पुढच्या आठवड्यात आहे. जास्तीचे ६ उंदीर मागायचे तर कारण पटवून द्यावं लागेल. तेही जीवच आहेत, चुकीच्या कंट्रोलपायी सगळेच वाया गेलेले मला बघवणार नाहीत. त्याआधी कुणी उत्तर दिलं तर फार उपकार होतील.