रोहिणी हट्टंगडी आणि आईच्या भूमिका : नुकसान कोणाचे झाले?

वडसेकर
एक मत मांडतो. विरोध होईल, याची कल्पना आहे. राष्ट्रीय नाट्य विद्यालयात नाट्यदिग्दर्शक इब्राहिम अल्काझींच्या हाताखाली शिकलेल्या, ‘चांगुणा’सारखे नाटक पेललेल्या रोहिणी हट्टंगडी १९८२च्या ‘गांधी’मध्ये कस्तुरबा झाल्या, त्या भूमिकेसाठी त्यांना बाफ्टा हा ब्रिटिश चित्रपट पुरस्कार मिळाला, आणि पुढे हिंदी पडद्याने त्यांना प्रामुख्याने नायकाची आई करून ठेवले. ‘अग्निपथ’मध्ये (१९९०) तर त्या वयाने मोठ्या असलेल्या अमिताभ बच्चन यांच्या आई होत्या. पन्नाशीकडे झुकलेला नट नायकच राहतो आणि त्याच्याहून लहान नटी त्याची आई होते, हा व्यवहार मला मान्य नाही.

धानपट्ट्यातला
आपले म्हणणे अर्धेच पटते. ‘सारांश’मधील पार्वती ही आईच आहे, पण परदेशात मारला गेलेला मुलगा भाडेकरू मुलीच्या पोटी पुन्हा जन्म घेईल, या समजुतीला कवटाळून बसलेली ती बाई ज्या तोलाने त्यांनी उभी केली, तो तोल रंगभूमीच्या तालमीशिवाय येत नाही. ‘अर्थ’मधील मोलकरणीसाठी त्यांना फिल्मफेअर मिळाले, तर ‘पार्टी’तील नाटककाराच्या एकाकी, दारूच्या आधाराने जगणाऱ्या जोडीदारासाठी राष्ट्रीय पुरस्कार. या दोन भूमिकांना नायकाच्या आईचा शिक्का कसा लावणार?

वडसेकर
आपली तिन्ही उदाहरणे १९८२ ते १९८४ या काळातली आहेत. माझा आक्षेप त्यानंतरच्या काळाविषयी आहे. २००३च्या ‘मुन्नाभाई एमबीबीएस’मध्येही त्या आईच होत्या.

सिंदेवाहीची वाचक
रंगभूमीवरच्या मोठेपणाची ग्वाही आपण दोघेही देत आहात. आमच्या भागातल्या किती जणांनी त्यांना रंगमंचावर पाहिले आहे? मुंबईचे व्यावसायिक नाटक नागपूरला येते, फार तर चंद्रपूरला. त्यापुढे झाडीपट्टीचा, म्हणजे स्वतःची नाट्यपरंपरा असलेल्या पूर्व विदर्भाचा मुलूख सुरू होतो. आमच्या घरात त्या आल्या त्या ‘चार दिवस सासूचे’मधून, आशा देशमुख म्हणून, आणि दहा वर्षांहून अधिक काळ येत राहिल्या. मालिका पाणी घालून वाढवलेली होती, हे खरेच. तरीही सासूला खलनायिका न करता घर सांभाळणारी कर्ती बाई म्हणून त्यांनी उभी केली, आणि माझ्या आजीच्या पिढीने ती आपली मानली. ही कमाई कमी लेखण्याचे कारण मला दिसत नाही.

पडद्यामागचा
मी झाडीपट्टीच्या एका नाटक मंडळीत काम करतो, म्हणून थोडे लिहितो. दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने सुरू होणारा आमचा हंगाम होळीपर्यंत चालतो, नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगते, आणि नटी आज नायिका तर काही हंगामांनी आई होते. आईची भूमिका आमच्याकडे कमीपणाची नाही, कारण प्रेक्षकांना रडवण्याची जबाबदारी बहुधा तिच्यावरच असते. खरे दुखणे पोस्टरवर आहे. मालिकेत चेहरा दिसलेल्या पुण्या-मुंबईच्या नटीचे नाव मोठ्या अक्षरांत छापले जाते आणि पूर्ण हंगाम खांद्यावर घेणारी इथली नटी तळाशी जाते. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा आम्ही सारे आनंदलो. त्यांच्या पिढीबरोबर उभ्या राहिलेल्या नट्यांची नावे तालुक्याबाहेर कोण घेतो? पडद्याने हट्टंगडींना काय नाकारले, याची चर्चा होते, कारण पडद्याने त्यांना आधी ओळख दिली.

वडसेकर
ओळख मिळाली म्हणून अन्याय संपत नाही. इथल्या नटीची उपेक्षा हा वेगळा आणि अधिक गंभीर प्रश्न आहे, एवढे मान्य करतो.

धानपट्ट्यातला
समांतर चित्रपटाचा जोर ओसरल्यावर तसल्या भूमिका लिहिणेच कमी झाले. दोष केवळ नायकांचा नव्हे. आणि त्यांनी ‘अपराजिता’ हे एकपात्री नाटक केले, तेव्हा कोणत्याही नायकाची गरज भासली नाही.

सिंदेवाहीची वाचक
एकपात्री नाटकाला फौजफाटा लागत नाही. मग असे नाटक मंडईच्या रात्री आमच्या शामियान्यात लावायला आपल्यापैकी कोणती मंडळी तयार आहे? पडद्यामागचे, आपणच सांगा.

पडद्यामागचा
लावणी आणि विनोदी पात्र नसेल, तर तिकीट खपेल याची हमी मी देत नाही. पण हंगामाच्या शेवटी, होळीच्या आसपास, एक रात्र मालकाकडे मागून पाहीन.