आईबाबांची युरोप टूर: आधी पासपोर्ट आणि बूट

आईबाबा पहिल्यांदाच युरोपच्या ग्रुप टूरला निघालेत, बॅगेत काय भरायचं, असं विचारलंत. त्याआधी पासपोर्ट उघडून बघा. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) परतीच्या तारखेनंतर किमान 3 महिने मुदत आणि 2 कोरी पानं लागतात. प्रवासाचा वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोचा. बोटांचे ठसे द्यायला पुण्या-मुंबईची एक खेप धरूनच चाला.

शेंगा चटणी, कडक भाकरी खुशाल द्या. पेढे आणि तूप मात्र नको, युरोपीय संघात बाहेरून दुधाचे पदार्थ नेऊ देत नाहीत. औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट हातातल्या बॅगेत. पॉवर बँकही तिथेच.

आणि बूट! माझ्या आईनं नवे बूट थेट रोममध्ये घातले. दुसऱ्या दिवशी टाचेला फोड, बाकीचे कलोसियम बघत होते आणि ती बसमध्ये बसून. अजून वाईट वाटतं. महिनाभर आधीपासून तेच बूट घालून सोलापुरातल्या सिद्धेश्वर तलावाकडे रोज फेऱ्या मारायला लावा, अगदी आग्रहानं.

मुंबईला मात्र आदल्या दिवशीच पोचा. विमानाच्या दिवशी सकाळी पोचणाऱ्या रेल्वेवर विसंबू नका.