मदत हवी आहे : मालवणात घडणाऱ्या प्रेमकथेसाठी

नमस्कार मंडळी, मी नागपूरची. एक हळुवार प्रेमकथा लिहितेय, मालवणातली. नायिका नागपूरहून बदलीवर तिथल्या बँकेत आलेली, नायक घरच्या ट्रॉलरवर जाणारा. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते, त्याच दिवसांत दोघांचं जमतं. सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेणाऱ्या होड्याही पावसाळ्यात बंद, म्हणजे भेटायचं ते बाजारात नाहीतर त्याच्या पडवीत, तो जाळं दुरुस्त करत असताना. हा भाग माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे, तो खोटा वाटता कामा नये.

तिकडचं कुणी सांगाल का, बंदीत बोटी कुठे ठेवतात? जाळ्यांच्या कामाला घरच्या बायकाही बसतात का? नायकाची आई या पोरीला मायेने 'गो चेडवा' म्हणेल ना? आणि सगळ्यात महत्त्वाचं, नारळी पौर्णिमेला बंदरावरच्या गर्दीत ती दोघं बाजूला उभी राहून निवांत बोलू शकतील, की ओळखीचं कुणीतरी हटकेलच? आमच्याकडे फुटाळा तलावाच्या काठी कोण कुणाकडे बघतं! पण छोट्या गावाचं वेगळं असणार, आणि नायकाच्या प्रेमाची कबुली मला तिथेच आणायची आहे.