मदत हवी आहे: डोळ्याच्या खोबणीतली जुनी सिलिकॉन शीट काढावी का?

१९९८ च्या स्कूटर अपघातात वडिलांच्या (आता वय ६१) उजव्या डोळ्याखालचं हाड मोडलं होतं. तेव्हा खोबणीच्या तळाशी सिलिकॉनची शीट बसवली. इतकी वर्षं काही त्रास नव्हता. दिवाळीपासून खालची पापणी सुजते, उतरते, परत सुजते. वर बघितलं की एकाचे दोन दिसतात; पंख्याला सहा पाती दिसतात म्हणतात. नजर आणि डोळ्याचं प्रेशर ठीक आहे.

आधी अश्रुपिशवीचा संसर्ग समजून अँटिबायोटिक दिलं. गोळ्या चालू तोवर बरं. सिरिंजिंगमध्ये (अश्रूंच्या नळीत पाणी सोडून करतात ती तपासणी) मार्ग मोकळा निघाला. मग सीटी स्कॅन: शीट पुढे सरकलीय, भोवती पाणी साठलंय. ऑपरेशनचे कागद मिळणार नाहीत, ते हॉस्पिटलच बंद झालंय.

सिलिकॉनचा त्रास वीसेक वर्षांनीही उद्भवू शकतो, आणि शीट काढली तरी भोवती तयार झालेलं आवरण बहुधा डोळ्याला आधार देतं, असं वाचलं. इथले डॉक्टर मात्र त्याच वेळी टायटॅनियमची जाळी बसवू म्हणतात. संसर्गाची शंका असताना लगेच दुसरी वस्तू आत घालणं मला तरी पटत नाही.

मधुमेह आहे, ताब्यात. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. आम्ही सोलापूरचे, पुणे-मुंबईला जायची तयारी आहे.

इतकी जुनी शीट कुणाची काढलीय का? नुसती काढल्यावर डोळा आत गेला का, दोन दिसणं थांबलं का? आणि यासाठी ऑक्युलोप्लास्टी सर्जन (पापण्या आणि खोबणीची ऑपरेशनं करणारा नेत्रतज्ज्ञ) गाठावा की मॅक्सिलोफेशियल (जबडा आणि चेहऱ्याच्या हाडांचा सर्जन)?