तीन जोडकामांपैकी एकच धरायचंय, कोणतं ते कसं ओळखू?

कुपवाडकर
नमस्कार मंडळी. कुपवाड एमआयडीसीत एका कारखान्याचं स्टोअर सांभाळतो. वय 36, दोन मुली. नोकरी सोडायची नाही, हे आधीच सांगतो. प्रश्न आहे साडेतीनला सुटल्यानंतरच्या वेळेचा. चार वर्षं त्या वेळात तीन कामं ओढतोय आणि तिन्ही अर्धवट आहेत.

पहिलं हळदीचं. डिग्रजच्या बाजूला मेव्हण्याचं दीड एकर रान आहे. त्याची हळद शिजून, वाळून, पॉलिश होऊन आली की मी दळून पाकिटं भरतो. पुण्यातली चाळीसेक घरं वर्षाची साठवणीची हळद आमच्याकडूनच घेतात. मार्च ते मे घरातल्या चादरीसुद्धा पिवळ्या. नंतर सगळं शांत.

दुसरं व्हिडिओंचं. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत जाऊन तंबोरा कसा घडतो ते टिपतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा, त्याला लाकडाचा गळा बसवणं, शेवटी जवारी लावताना, म्हणजे तारांचा नाद जुळवताना, कारागीर कान लावून बसतो ती शांतता. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून जास्तच ओढ लागली. 31 व्हिडिओ झालेत. बघणारे थोडे आहेत.

तिसरं बेदाण्याच्या हिशेबाचं ॲप. मणेराजुरीच्या चुलत्यांसाठी केलं होतं. त्यांचा माल तीन कोल्ड स्टोअरेजमध्ये आणि पावत्या डायरीत कोंबलेल्या. कुठल्या लॉटचे किती बॉक्स शिल्लक, कुठल्या सौद्यात काय दर पडला, भाडं किती चढलं, अडत्याकडून येणं किती, हे मोबाईलवर दिसावं एवढंच. आता नऊ शेतकरी वापरतात. दिसायला ओबडधोबड आहे आणि एक रुपया घेतलेला नाही.

मन व्हिडिओंत आहे, पैसा हळदीत. बायको म्हणते, एक काहीतरी धरा, पोरी तुम्हाला रात्रीच बघतात. तिचं खरं आहे. कसं ठरवू?

तासगावचा बागायतदार
भावा, बेदाण्यातलाच आहेस म्हणून त्यातलंच सांगतो. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडं सौदे बंद ठेवून झिरो पेमेंट करतात. नवा माल काढायचा नाही, आधी सगळ्यांचं जुनं देणं-घेणं शून्यावर आणायचं. कोण किती पाण्यात आहे ते त्या दिवसांत कळतं, एरवी उलाढालीत सगळं झाकून जातं.

तुझ्या कामांचंही तसंच कर. महिनाभर तिन्ही बंद. ‘बंद केलंय’ असंही कुणाला सांगू नको. ज्याचं अडतं तो फोन करतो. ज्याचं अडत नाही तो भेटल्यावर ‘छान चाललंय का’ एवढंच विचारतो.

वाळव्याचा, सध्या बाणेर
काकांचं पटतं, पण हंगामाकडे बघा. आत्ता ऑगस्टमध्ये बंद केलंत तर हळदीसाठी फोन येणारच नाही, घरोघरी डबे भरलेले असतात. म्हणून हळदीला फोन मोजून चालणार नाही, तिचे गेल्या हंगामातले तास मोजा. दळण, पाकिटं, कुरियरवाल्याची वाट बघणं, सगळं धरून. हातात राहिलेल्या रकमेला त्या तासांनी भागा.

आणि ॲपला पैसे मागा. मी तीन वर्षं क्लासवाल्यांसाठी हजेरीचं ॲप चालवलं. सगळे तोंडभरून कौतुक करायचे. वर्षाला 300 रुपये मागितले आणि एकानंही दिले नाहीत. पहिल्याच वर्षी मागायला हवे होते, माझी दोन वर्षं वाचली असती. ते अजून मनाला लागतं, म्हणून इतकं लिहिलं.

मिरजेची
दादा, व्हिडिओ या तराजूत घालू नका. ज्यांचे हात तुम्ही टिपताय त्यातले काही सत्तरीच्या पुढचे आहेत. बघणारे किती, यावर ते काम ठरत नाही. महिन्याला एक केलात तरी करा, पण थांबू नका.

कुपवाडकर
पाच आठवडे झाले. सांगतो.

हळदीचे दोन फोन आले, दोन्ही ‘पुढच्या वर्षी आमचं नाव धरा’ म्हणून. तास मोजले: मार्च ते मे मिळून 210, हातात 19 हजार. तासाला नव्वद रुपये. मला वाटायचं घरात पैसा हळदीतूनच येतो. मेव्हण्याच्या बायकोला हे काम पहिल्यापासून हवं होतं, मीच सोडत नव्हतो. पुण्याची यादी तिला दिली.

ॲपसाठी चौथ्याच दिवशी फोन सुरू झाले. एकाने मोबाईल बदलला आणि नोंदी गेल्या. एकाला कोल्ड स्टोअरेजवाला 40 बॉक्स कमी सांगत होता, ॲपमध्ये पावतीचा फोटो होता म्हणून ते सापडले. एक जण डायरी घेऊन थेट कारखान्याच्या गेटवर आला. बाहेर पावसात उभा होता. पाळी सुटेपर्यंत दीड तास थांबला. तो उभा दिसला तेव्हाच माझं ठरलं.

तरीही बाणेरकरांचं ऐकून वर्षाला 500 मागितले. पाच जणांनी लगेच दिले, दोघे म्हणाले झिरो पेमेंट झालं की देतो, दोघांनी नको म्हटलं. नको म्हणणाऱ्यांपैकी एक माझे सख्खे चुलते! त्यांच्याकडून घेणार नाही, सुरुवात त्यांच्या डायरीतून झाली.

मिरजेच्या ताई, महिन्यातला एक रविवार सतारमेकर गल्लीचा. हे बायकोलाही मान्य आहे.

आता ॲपमध्ये नोंदी हरवणार नाहीत ही सोय आधी करतोय. तासगावकर काका, एक अडलंय. साठवणीत वजनाची जी तूट येते ती तुम्ही लॉटवर धरता की बॉक्सवर?

तासगावचा बागायतदार
आमच्यात दोन्ही तऱ्हा चालतात, लिहून कळायचं नाही. रविवारी ये. पावत्यांची पिशवी काढून ठेवतो. जेवायलाच ये, पोरींनाही आण.