लिथियमवर पांढऱ्या पेशी वाढल्यात, आता सीआरपी आणि आयएल-६ पण करून घ्यायचं का?

धाकटी_पाती:
नमस्कार मंडळी. माझा दादा (वय ३८) बायपोलरचा पेशंट आहे, सहा वर्षं लिथियमवर, ९०० मिग्रॅ, तब्येत बरीच ठीक असते. गेल्या महिन्यात सहज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) केलं तर पांढऱ्या पेशी १३,२००. फॅमिली डॉक्टर म्हणाले कुठेतरी इन्फेक्शन असणार, पाच दिवस अँटिबायोटिक दिलं. ताप नाही, खोकला नाही, लघवीला जळजळ नाही, काहीच नाही. पंधरा दिवसांनी परत केलं तर १२,९००! आता लॅबवाला म्हणतोय सीआरपी आणि आयएल-६ (अंगातली सूज दाखवणाऱ्या रक्ततपासण्या) करून घ्या, आणि आमचे एक काका व्हॉट्सॲपवर पाठवतायत की बायपोलर म्हणजे मेंदूतली सूज, सूज उतरवा आजार जाईल. आयएल-६ चे पैसे ऐकून आईने पदर तोंडाला लावला. करायचं का नाही सांगा. सायकॅट्रिस्टची अपॉइंटमेंट अजून बारा दिवसांनी आहे.

मीठ_भाकर:
ताई आधी घाबरणं थांबवा. मी स्वतः ११ वर्षं लिथियम घेते, माझ्या पेशी कायम ११-१२ हजार. माझ्या डॉक्टरांनी फाइलच्या पहिल्याच पानावर लाल पेनाने लिहून ठेवलंय "लिथियममुळे डब्ल्यूबीसी वाढलेल्या असतात", कारण दाताच्या डॉक्टरपासून सगळेच मला अँटिबायोटिक द्यायला निघायचे. गंमत म्हणजे त्याआधी मी कार्बामाझेपिनवर होते तेव्हा उलटं, पेशी २,८०० वर आल्या आणि ती गोळी बंद करावी लागली. एक मूड स्टॅबिलायझर पेशी खाली नेतो, दुसरा वर, आणि आपण मधे रिपोर्ट घेऊन हिंडायचं 😅

स्लाइडवाला:
लॅबमध्ये २० वर्षं काढलीत म्हणून लिहितो. लिथियम अस्थिमज्जेला जास्त न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) बनवायला लावतं, त्यामुळे काउंट साधारण १० ते १४ हजारात राहणं नवीन नाही. १९७०च्या दशकापासून माहीत आहे, केमोथेरपीने पेशी पडलेल्या पेशंटना त्या वाढाव्यात म्हणून लिथियम देऊन पाहिलं होतं लोकांनी. पण प्रत्येक वेळी लिथियमवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. ताप असेल, काउंट एकदम उडी मारत असेल, स्मिअरमध्ये (काचेवर पसरून बघितलेल्या रक्तात) कच्च्या पेशी दिसत असतील तर खरंच शोधायला पाहिजे. लिथियम सुरू व्हायच्या आधीचा सीबीसी असेल घरात तर काढा, तोच खरा पुरावा.

आता सीआरपी आणि आयएल-६. मॅनियामधे (मूड अति चढलेला असताना) आणि डिप्रेशनमधेही हे आकडे सरासरीने वाढलेले दिसतात, टीएनएफ-अल्फा हा सुजेचाच आणखी एक आकडा पण, हे अनेक अभ्यासांत आलंय, काका अगदीच हवेत बोलत नाहीयेत. पण सरासरी म्हणजे शंभर पेशंटची, तुमच्या दादाची नव्हे. वजन जास्त असलं, तंबाखू-सिगरेट असली, हिरड्या सुजल्या असल्या तरी सीआरपी वर जातो. दादाचा ५ आला तर गोळी बदलणार का? नाही. १ आला तर बंद करणार का? नाही. मग कशाला टोचायचं? (माझ्या लॅबला हे दाखवू नका, पॅकेज विकायचं असतं आम्हालाही.)

उन्हाळी_पाऊस:
पण मग सूज कमी करायच्या गोळ्या का नाही देत? माझ्या बहिणीला आम्ही हळदीच्या कॅप्सूल देतो, आणि कोणीतरी सांगितलं की पेनकिलर पण तेच काम करतात.

स्लाइडवाला:
@उन्हाळी_पाऊस करून पाहिलंय. इन्फ्लिक्सिमॅब, संधिवातात देतात ते इंजेक्शन, बायपोलर डिप्रेशनच्या ६० जणांना देऊन पाहिलं, २०१९ला आलं, एकूणात सलाइनपेक्षा फरक नाही. लहानपणी मारहाण-छळ सोसलेल्यांच्या छोट्या गटात थोडा फायदा दिसला, तेवढंच. पाकिस्तानात मिनोसायक्लिन (अँटिबायोटिक) आणि सेलेकॉक्सिब (पेनकिलर) यांची मोठी ट्रायल झाली, २०२०, तिथेही हाती काही लागलं नाही. आणि बहीण लिथियमवर असेल तर पेनकिलर अजिबात स्वतःच्या मनाने नको!! आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, सेलेकॉक्सिब यांनी किडनी लिथियम बाहेर टाकायचं कमी करते, रक्तातली लेव्हल चढते.

मीठ_भाकर:
+१, आणि हे मी भोगलंय. वारीला गेलेले, दोन दिवस जुलाब, गुडघ्यासाठी कुणाकडून तरी डायक्लोफेनॅक घेतलं, तिसऱ्या दिवशी तांब्या हातातून पडला, जीभ जड, पाय लटपटायला लागले. दवाखान्यात लेव्हल १.९. आणि मीठ एकदम बंद करू नका हो कुणी, बीपी वाढलं म्हणून अळणी सुरू केलं तरी लिथियम चढतं. माझं नाव उगाच मीठ_भाकर नाहीये.

धाकटी_पाती:
हे वाचून मी दादाच्या कपाटातलं सगळं बाहेर काढलं. डायक्लोफेनॅकची अर्धी रिकामी पट्टी. कंबर धरली म्हणून तीन आठवडे रोज एक, मेडिकलमधून परस्पर. कुणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. आणि मग मला आठवलं की सकाळी त्याचा कप बशीवर खडखड वाजतो, आई म्हणायची थंडीने. लेव्हल जानेवारीत ०.७ होती.

स्लाइडवाला:
बारा दिवस थांबू नका. आजच सायकॅट्रिस्टना फोन लावा. लेव्हल, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी), सोडियम करावं लागेल. रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यायचं, म्हणजे सकाळची गोळी रक्त दिल्यावर, नाहीतर आकडा खोटा येतो. बोलण्यात अडखळला, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल गेला तर फोन नाही, सरळ हॉस्पिटल.

धाकटी_पाती:
अपडेट. लेव्हल १.२ आली, क्रिएटिनिन ठीक आहे. डॉक्टरांनी डायक्लोफेनॅक बंद केलं, लिथियमचं त्यांनीच बघून सांगितलं, कंबरेला पॅरासिटामॉल आणि शेक, आठवड्याने परत लेव्हल. टीएसएच (थायरॉइडची तपासणी) पण करायला सांगितलंय, सहा महिने उलटून गेले होते. २०१८चा जुना सीबीसी आईच्या पिशवीत सापडला, ७,४००. डॉक्टर म्हणाले १२-१३ हजार लिथियमचेच दिसतात, आयएल-६ ची गरज नाही. काकांना काय सांगायचं ते मात्र अजून ठरलं नाही, आज परत लसणाचा व्हिडिओ आलाय.